चालू प्रयोगात संहिता बदलताना



डिचोली-पेडण्याकडील जत्रांतून रात्री उशिरापर्यंत चालणारी नाटके ज्यांनी पाहिली आहेत, आणि विशेषतः ज्यांनी त्यांच्या तालमी पाहिल्या आहेत, त्यांना 'नक्कल' हा शब्द समजावून सांगावयास नको. नाटकाचे पुस्तक एकच असते. ते दिग्दर्शकाच्या हातात, किंवा प्रयोगाच्या वेळी विंगेत उभ्या असलेल्या प्रॉम्प्टरच्या हातात राहते. प्रत्येक नट आपल्या भूमिकेपुरती भाषणे वहीत उतरवून घेतो आणि पाठ करतो. ती वही म्हणजे त्याची नक्कल. आता अशी कल्पना करा की, पहिला अंक संपल्यावर दिग्दर्शकाने मूळ पुस्तकातील दुसऱ्या अंकाची काही वाक्ये खोडून त्या जागी नवी लिहिली. पडदा वर जातो. प्रॉम्प्टर नवे वाक्य सुचवितो, नट जुनेच बोलतो, आणि समोरच्या पात्राला कोणत्या वाक्याला उत्तर द्यावयाचे हेच कळेनासे होते. पुस्तक बदलले खरे; नकला मात्र बदलल्या नाहीत.

संगणकाच्या प्रोग्रामांत हा प्रकार रोज घडतो, आणि त्याचाच विचार आज करावयाचा आहे. अलीकडे आमच्या गोव्यातील शाळांतून कोडिंगचे पाठ दिले जाऊ लागले आहेत. पायथन हे नाव घराघरांतील मुलांच्या तोंडी आले आहे. थोडे पुढे गेलेला विद्यार्थी लवकरच एक प्रश्न विचारतो: "सर, फाइल दुरुस्त केली, तरी उत्तर जुनेच का येते?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

प्रथम ज्या ठिकाणी हा प्रश्न खरोखर जाचक होतो ते ठिकाण पाहू. पुष्कळ मोठे प्रोग्राम असे रचलेले असतात की, मुख्य डोलारा एका भाषेत पक्का बांधलेला असतो आणि त्याच्या पोटात दुसऱ्या, सोप्या भाषेचा दुभाषा बसविलेला असतो. मुख्य डोलाऱ्याला आपण यजमान म्हणू. वापरणाऱ्याने आपल्या गरजेपुरत्या छोट्या संहिता लिहाव्यात, यजमानाने त्या दुभाष्याकरवी वाचून अमलात आणाव्यात, अशी ही व्यवस्था आहे. त्रिमितीय चित्रे आणि चलच्चित्रे करण्याच्या ब्लेण्डर नावाच्या प्रोग्रामात असा पायथनचा दुभाषा आहे. अक्षरांचे साचे आरेखण्याच्या कित्येक प्रोग्रामांतही तो आहे. सोय मोठी आहे. नियम बदलला तर प्रोग्राम बांधणाऱ्या कारागिराकडे जावे लागत नाही. आपणच संहितेचे चार शब्द बदलावेत.

एक कल्पित उदाहरण घेऊ. शाळेच्या कचेरीत गुणपत्रके तयार करणारा एक यजमान प्रोग्राम आहे. निकालाचे नियम एका छोट्या मॉड्यूलमध्ये आहेत. मॉड्यूल म्हणजे स्वतंत्र नाव असलेला संहितेचा एक भाग. त्याचे नाव 'नियम'. जाता जाता सांगतो, 2008 साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या अवतारापासून अशी नावे देवनागरीतही ठेवता येतात, याचा फायदा आमच्याकडे फारसा कोणी घेत नाही. असो. 'नियम' या मॉड्यूलमध्ये लिहिले आहे की, उत्तीर्ण होण्यास 33 गुण लागतात आणि ग्रेस गुण 5 पर्यंत देता येतात. हे मॉड्यूल शाळेच्या संगणकावर फाइल म्हणून ठेवलेले नाही. ते मुख्य कचेरीच्या डेटाबेसमध्ये आहे आणि तेथून मागविले जाते. सकाळपासून गुणपत्रके छापली जात आहेत. दुपारी नियम बदलतो: ग्रेस गुण 5 ऐवजी 8. डेटाबेसमधील संहिता दुरुस्त होते. प्रोग्राम मात्र चालूच आहे, आणि 26 गुण मिळविलेला एक मुलगा रांगेत आहे. जुन्या नियमाने तो नापास, नव्या नियमाने पास.

पायथनमध्ये एखादे मॉड्यूल मागविण्याच्या आज्ञेला 'इम्पोर्ट' म्हणतात. ही आज्ञा मिळताच दुभाषा सर्वप्रथम आपल्या नोंदवहीत पाहतो. तिचे नाव 'सिस-मॉड्यूल्स'. त्या नावाची नोंद तेथे असेल, तर तो तेच जुने मॉड्यूल हाती देतो आणि बाहेर पाऊलही टाकत नाही. म्हणून 'इम्पोर्ट' ही आज्ञा शंभर वेळा दिली तरी नवी संहिता वाचली जात नाही. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे, आणि हा दोष मानण्याचे कारण नाही. तेच पुस्तक दर वेळी नव्याने वाचावयाचे म्हटले तर काम पुढे सरकणारच नाही.

नोंद नसेल तर मग शोध सुरू होतो. 'मेटा-पाथ' नावाच्या यादीत शोधकांची एक रांग उभी असते. दुभाषा प्रत्येकाला क्रमाने विचारतो, "या नावाचे मॉड्यूल तुला ठाऊक आहे काय?" जो प्रथम होकार देतो तो एक चिठ्ठी देतो: मॉड्यूल कोठले आहे आणि ते कोणता वाहक घेऊन येईल. मग दुभाषा एक कोरे मॉड्यूल तयार करतो, नोंदवहीत त्याची नोंद आधीच करून टाकतो, आणि वाहक त्या कोऱ्या मॉड्यूलमध्ये संहिता अमलात आणतो. नोंद आधी आणि वाचन नंतर, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दोन मॉड्यूले एकमेकांना मागवीत असतील तर या क्रमामुळेच ती अनंत फेऱ्यांत अडकत नाहीत.

या रांगेत आपला स्वतःचा शोधक उभा करण्याची मुभा पायथनच्या 2.3 या आवृत्तीपासून, म्हणजे 2003 सालापासून, रीतसर मिळाली. त्यासाठीचा प्रस्ताव 'पेप 302' या नावाने ओळखला जातो, आणि तो डिसेंबर 2002 मध्ये जुस्ट व्हान रॉसम व पॉल मूर यांनी मांडला. हे जुस्ट म्हणजे पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांचे बंधू. ते मूळचे अक्षरांचे आरेखनकार. अशा शोधकाला इंग्रजीत 'इम्पोर्ट हूक' म्हणतात. आपण 'इम्पोर्टचा आकडा' म्हणू. विहिरीत पडलेली कळशी काढण्यास गळ टाकावा, तसा हा आकडा कोठेही टाकता येतो: झिप फाइलीत, डेटाबेसमध्ये, दूरच्या संगणकावर, किंवा यजमानाच्याच पोटात. ब्लेण्डरच्या जुन्या आवृत्त्यांत चित्राच्या फाइलीत साठविलेला मजकूर थेट मॉड्यूल म्हणून मागविता येत असे, आणि त्यासाठी ब्लेण्डरने 'इम्पोर्ट' व 'रीलोड' या दोन्ही आज्ञा आपल्या पद्धतीने बदलून घेतल्या होत्या. आमच्या कल्पित शाळेने डेटाबेसमधून 'नियम' आणणारा आकडा असाच बसविला आहे.

आता 'रीलोड', म्हणजे पुन्हा वाचणे. ही आज्ञा पायथनच्या दुसऱ्या अवतारात सहज हाताशी होती; तिसऱ्या अवतारात ती 'इम्प' नावाच्या मॉड्यूलमध्ये गेली, 2014 च्या 3.4 आवृत्तीत 'इम्पोर्टलिब'मध्ये आली, आणि 2023 च्या 3.12 आवृत्तीत 'इम्प' हे मॉड्यूलच काढून टाकण्यात आले. जुन्या पुस्तकांवरून शिकविणाऱ्यांनी एवढे पाहून घ्यावे.

रीलोड नेमके काय करते? ते जुने मॉड्यूल फेकून देत नाही. तेच मॉड्यूल, तीच वही कायम ठेवते आणि शोधकांच्या रांगेपाशी पुन्हा जाऊन विचारते, "हे कोण आणून देईल?" जो होकार देईल त्याच्या वाहकाकरवी नवी संहिता त्याच वहीवर पुन्हा अमलात आणते. या एका वाक्यातून बहुतेक सर्व अडचणी निघतात.

पहिली अडचण वहीची. नव्या संहितेत जी नावे आहेत त्यांच्यावर नवा मजकूर चढतो. परंतु जी नावे नव्या संहितेतून गाळली आहेत ती वहीत तशीच राहतात. 'नियम'मध्ये पूर्वी क्रीडागुणांचे कलम होते आणि ते आता रद्द झाले, तरी रीलोडनंतर ते कलम जिवंतच असते, आणि ज्या संहितेला त्याची सवय आहे ती त्याचा उपयोग करीत राहते. शिवाय नवी संहिता अमलात येता येता मध्येच चूक निघाली, तर वरचा अर्धा भाग नवा आणि खालचा अर्धा जुना अशी वही तयार होते. निव्वळ व्याकरणाची चूक असेल तर ते बरे, कारण मग एक ओळही अमलात येत नाही.

दुसरी अडचण आकड्याची, आणि आजच्या विषयाचा गाभा हाच आहे. रीलोड आकड्याला पुन्हा हाक मारते. पण तो जागेवर असतो का? काही यजमान प्रोग्राम घाई करतात. ते संहिता स्वतःच वाचून मॉड्यूल तयार करतात आणि परस्पर नोंदवहीत टाकतात. शोधकांच्या रांगेत कोणालाच उभे करीत नाहीत. प्रोग्राम उत्तम चालतो. रीलोड म्हटले की मात्र दुभाषा सांगतो, या मॉड्यूलचा पत्ता लागत नाही. दुसरे काही यजमान आकडा बसवितात, मॉड्यूल आणतात आणि लगेच आकडा काढून ठेवतात, घर नीटनेटके राहावे म्हणून. त्याचा परिणामही तोच. किंबहुना त्याहून वाईट होऊ शकते. आमच्या शाळेच्या संगणकावर कोणी एके काळी प्रयोगादाखल केलेली 'नियम' याच नावाची फाइल पडून असेल, तर पायथनचा नेहमीचा शोधक पुढे होऊन म्हणेल, "माझ्याकडे आहे." रीलोड बिनतक्रार पार पडेल आणि डेटाबेसमधील 8 च्या जागी त्या विसरलेल्या फाइलीतील आकडा, कोण जाणे कितीचा, लागू होईल. चूक ओरडून सांगणारा प्रोग्राम परवडतो. असा गुपचूप भलतेच वाचणारा परवडत नाही.

आकडा जागेवर असूनही एक गोष्ट राहते. दर वेळी मुख्य कचेरीकडे धाव घ्यावी लागू नये म्हणून आकडा तयार करणाराने बहुधा त्याला एक खिसा दिलेला असतो: एकदा आणलेला मजकूर त्यात ठेवावयाचा आणि पुढे तेथूनच द्यावयाचा. मग रीलोडच्या हाकेला तो तत्परतेने धावतो आणि खिशातील जुनाच कागद देतो. यावर पायथनमध्ये इलाज आहे. 'इनव्हॅलिडेट-कॅशेस' अशी एक आज्ञा रांगेतील प्रत्येक शोधकाला खिसा रिकामा करावयास सांगते. मात्र आपल्या आकड्याला ती आज्ञा समजेल अशी तजवीज आपणच करावी लागते, आणि रीलोड ती आज्ञा आपण होऊन देत नाही.

जुन्या पद्धतीच्या वाहकांविषयीही दोन शब्द. पेप 302 मध्ये वाहकाला एक नियम घालून दिला होता: नोंदवहीत त्या नावाचे मॉड्यूल आधीच असेल तर तेच वापरावे, नवे करू नये; अन्यथा रीलोड नीट होणार नाही. पुष्कळांनी तो नियम वाचलाच नाही. 2014 पासून रूढ झालेल्या नव्या पद्धतीत मॉड्यूल तयार करणे आणि संहिता अमलात आणणे ही दोन कामे वेगळी केली आहेत, आणि रीलोडच्या वेळी फक्त दुसरे काम होते. जुने वाहक अजून कोणाच्या प्रोग्रामात असतील तर ते बदलून घेणे बरे.

तिसरी अडचण नकलांची. 'निकाल' नावाच्या मॉड्यूलने सकाळी 'नियम'मधून ग्रेस गुणांचा आकडा आपल्याकडे उतरवून घेतला होता. पायथनमध्ये 'फ्रॉम' या शब्दाने ज्या मागण्या सुरू होतात त्या असेच करतात. 'छपाई' नावाच्या मॉड्यूलने मात्र काही उतरवून घेतले नाही. त्याला गरज पडते तेव्हा ते 'नियम'ला विचारते. दुपारी रीलोड यशस्वी झाले. आता काय घडेल पाहा. त्या मुलाच्या गुणपत्रकावर 'छपाई' तळटीप छापील की, ग्रेस गुण 8 पर्यंत देता येतात. आणि 'निकाल' जुन्या 5 च्या हिशेबाने 26 गुणांपुढे 'अनुत्तीर्ण' लिहील. एकाच कागदावर दोन नियम. पालक कचेरीत येईल तेव्हा कारकुनाजवळ काहीही उत्तर नसेल, कारण डेटाबेस बरोबर आहे, रीलोडही बरोबर झाले आहे.

यावर उपाय दोन. एक म्हणजे जे बदलण्याचा संभव आहे ते उतरवून घेऊच नये, नेहमी मूळ मॉड्यूलच्या नावानेच विचारावे. दुसरा म्हणजे नकला बाळगणारी मॉड्यूलेही क्रमाने पुन्हा वाचावीत: आधी 'नियम', मग 'निकाल'. हा क्रम यजमानाला ठाऊक असावा लागतो, कारण रीलोड ज्याचे नाव घेतले तेवढेच वाचते. त्याच्यावर अवलंबून असलेल्यांची चौकशी करीत नाही. शिवाय जुन्या साच्यावरून आधीच घडविलेल्या वस्तू साचा बदलला तरी जुन्याच राहतात, हेही विसरून चालत नाही. पाटा-वरवंट्याला पुन्हा टाकी लावली म्हणून सकाळी वाटलेले वाटण बारीक होत नाही.

दुसऱ्या भाषांनी हा प्रश्न कसा सोडविला? येथे आम्हां गोवेकरांना ओळखीचा वाटेल असा एक शब्द येतो: 'लुआ'. पोर्तुगीज भाषेत लुआ म्हणजे चंद्र. या नावाची भाषा 1993 साली ब्राझीलमध्ये रिओ द जनेरोच्या परमधर्मपीठीय कॅथलिक विद्यापीठात जन्मली. तिच्या आधीच्या एका भाषेचे नाव 'सोल', म्हणजे सूर्य, असे होते. यजमानाच्या पोटात राहण्यासाठीच जणू ही भाषा घडविली आहे. तिचीही नोंदवही आहे आणि शोधकांची रांगही आहे. परंतु तेथे रीलोड नावाची वेगळी आज्ञा नाही. नोंदवहीतील नोंद खोडावी आणि मॉड्यूल पुन्हा मागवावे, एवढेच. शोधकांची रांग आपोआप पुन्हा विचारली जाते. फरक असा की, पायथन जुन्या वहीवरच नवे लिहिते, तर लुआ नवी वही देते. म्हणून गाळलेली कलमे उरत नाहीत; पण ज्यांच्या हाती जुनी वही आहे त्यांना नवीचा पत्ताच नसतो. पायथनमध्येही नोंद खोडून पुन्हा मागविण्याचा मार्ग मोकळा आहे, आणि त्याचे गुणदोषही हेच.

तिसरा मार्ग आपणांपैकी अनेकांनी नकळत वापरला आहे. 2003 साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया आपण वाचत असाल. तेथील लेखांच्या बाजूला ज्या माहितीचौकटी असतात, त्यांपैकी पुष्कळ चौकटींमागे लुआतील संहिता असते. 2013 साली विकिपीडियावर ही सोय आली. तिचे नाव 'स्क्रिबुन्तो'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'त्यांनी लिहावे'. मराठी विकिपीडियावर या मॉड्यूलांना 'विभाग' म्हणतात, आणि ते साध्या लेखांप्रमाणे पानांवर लिहिलेले असतात. एका विभागाने दुसरा मागविला की लुआचा शोधक संगणकावरील फाइली न पाहता विकीच्या पानांतच शोधतो. म्हणजे आपण ज्याला आकडा म्हटले तोच येथे आहे. पण रीलोड तेथे नाहीच. लेखातील प्रत्येक हाकेसाठी परिस्थिती नव्याने मांडली जाते, नोंदवही कोरी असते, काम झाले की सर्व पुसून टाकले जाते. मोठ्या तक्त्यांपुरता अपवाद आहे: ते एका पानासाठी एकदाच वाचले जातात, आणि त्यांत कोणाला खाडाखोड करता येत नाही. नकला राहण्यास जागाच नाही. याची किंमत वेळात मोजावी लागते, आणि म्हणून एका पानासाठी लुआला 10 सेकंदांची मर्यादा घालून दिली आहे.

तरीसुद्धा विभाग दुरुस्त केल्यावर एखादा लेख काही काळ जुनाच दिसतो. कारण तयार झालेले पान साठवून ठेवलेले असते, आणि त्या विभागावर अवलंबून असलेली पाने एका रांगेत लागून एकेक करून नव्याने तयार होतात. विभाग लोकप्रिय असेल तर रांग लांब. घाईत असलेला संपादक आपली दुरुस्ती फसली असे समजून ती उलटवितो, आणि मग खरा घोटाळा सुरू होतो. अशा वेळी त्या पानाची साठवण रिकामी करण्याची सोय विकीवर आहे, ती वापरावी.

आता आमच्या कल्पित शाळेकडे परत येऊ. तिने काय करावे? माझ्या मते, ज्याला प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करणे परवडते त्याने तेच करावे. त्याइतके निर्धोक काही नाही. गुणपत्रकांच्या कामात ते परवडते. दोन वर्गांच्या मध्ये, यादी जतन करून, प्रोग्राम बंद करून चालू करण्यास कितीसा वेळ लागतो? पण तासन् तास उघडे असलेले चित्र किंवा न थांबणारे यंत्र यांना ते परवडत नाही, आणि तेथे रीलोड करणे भागच असते. त्यांनी डेटाबेसचा आकडा रांगेत कायम, आणि नेहमीच्या शोधकांच्या पुढे, ठेवावा. रीलोडपूर्वी त्याचा खिसा रिकामा करवून घ्यावा. ज्या गोष्टी चालू कामात जमा होतात, म्हणजे आतापर्यंत झालेल्या मुलांची यादी वगैरे, त्या 'नियम'मध्ये ठेवू नयेत. यजमानाजवळ ठेवाव्यात, म्हणजे पुन्हा वाचताना त्या पुसल्या जाणार नाहीत. आणि रीलोड झाल्यावर मॉड्यूललाच विचारावे, "तुला कोणी आणले?" प्रत्येक मॉड्यूलजवळ शोधकाची ती चिठ्ठी जपलेली असते आणि तिच्यावर वाहकाचे नाव असते. तेथे डेटाबेसच्या वाहकाऐवजी फाइलीच्या वाहकाचे नाव दिसले, तर छपाई तेथेच थांबवावी.

शेवटी आणखी एक तजवीज करता येते. 'नियम'मध्ये आवृत्तीचा क्रमांक लिहावा. 'निकाल'ने निकाल काढताना तो क्रमांक विचारून घ्यावा आणि ज्या ग्रेस गुणांनी हिशेब केला त्यांच्याबरोबर प्रत्येक गुणपत्रकाच्या कोपऱ्यात छापावा. मग दुपारी कोणी विचारले, तर कोणत्या मुलांची पत्रके जुन्या हिशेबाने निघाली ते गठ्ठा चाळून सांगता येते, आणि तेवढीच पुन्हा छापता येतात.